दाण्यावर आलेला शिक्रा



गच्चीत, परसात किंवा खिडकीच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. बाजरी घातली, चिमण्या, होले, साळुंक्या जमू लागल्या, आणि आता एक ससाणा येऊन त्यांतलेच पक्षी उचलतो. त्याचा काय बंदोबस्त करावा?

आधी त्याला नीट ओळखू या. खरे ससाणे, म्हणजे बहिरी आणि शाहीन, उंचावरून सूर मारतात. मुंबईत उंच इमारतींवर बसून ते पारवे टिपतात. आपल्या दाण्यावर येतो तो बहुतेक वेळा शिक्रा. पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीपोटावर तांबूस आडव्या रेघा, आणि प्रौढ नराचे डोळे लालभडक. मादी नरापेक्षा अंगाने मोठी. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या दाट पाल्यात तो गप्प बसून राहतो आणि संधी दिसली की कुंपणाच्या आडून, जमिनीलगत, झपकन येतो. माणसांच्या वस्तीचं त्याला वावडं नाही. शहरातल्या मोठ्या झाडांवर तो घरटंही करतो.

सरडे, पाली, उंदीर, बेडूक, टोळ, खारी, असं काहीही त्याला चालतं. त्यात पक्षीही आले, पण पक्षी मिळणं सोपं नाही. कितीतरी झडपा फुकट जातात, कारण समोरची मंडळी बेसावध नसतात. खार शेपटी उडवत चिरचिर सुरू करते, सातभाईंचा एकच कालवा उठतो, आणि कोतवाल तर सरळ त्याच्या पाठीवर तुटून पडतो. यात बिचाऱ्या पावशाची मात्र फुकट बदनामी होते. सुरवंट खाणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी दिसायला आणि उडायला इतका शिक्र्यासारखा, की तो आला तरी छोट्या पक्ष्यांची पळापळ होते. तेव्हा आरोप करण्याआधी चोच पाहा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची तशी नसते.

आता शिक्रा का येतो? आपण बोलावतो म्हणून. अमेरिकेत शिकागो आणि आसपासच्या हौशी निरीक्षकांनी आपापल्या अंगणातल्या दाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. १९९० च्या दशकात साधारण एक चतुर्थांश ठिकाणी शिक्र्याचे तिकडचे भाऊबंद, कूपर्स हॉक आणि शार्प-शिन्ड हॉक, दिसत होते. वीस वर्षांनी ते जवळजवळ दोन तृतीयांश ठिकाणी दिसू लागले. ते तिथे टिकले ते झाडं दाट होती म्हणून नव्हे. दाण्यावर भक्ष्य भरपूर होतं म्हणून, असं अभ्यासकांना आढळलं. थोडक्यात, जिथे पंगत तिथे हाही पाहुणा.

मग तो सगळे पक्षी संपवील का? इंग्लंडमध्ये कीटकनाशकांच्या विषाने १९५० नंतर तिथला स्पॅरोहॉक, हाही शिक्र्याचा भाऊबंदच, कित्येक भागांतून नाहीसा झाला. पुढे त्या विषांवर बंधनं आली आणि तो परतला. ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात रामगंग्याच्या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या विणीची मोजणी चालूच होती. शिकारी परतल्यावरही वीण करणाऱ्या जोड्या घटल्या नाहीत. छोट्या पक्ष्यांची बरीचशी पिल्लं पहिल्या वर्षातच भुकेने, थंडीने किंवा रोगाने जातात. शिकारी नेतो त्यांत एरवीही मेली असती अशी पुष्कळ असतात. प्रत्येक जातीला, प्रत्येक गावाला हाच हिशेब लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण शिक्र्याने चिमण्या संपवल्या, ही ओरड मला पटत नाही. घरट्याला वळचण आणि पिल्लांना किडे मिळेनासे झाले, त्याचा दोष त्याच्या माथी कशाला?

आपल्या हातात आहे ते करावं. दाण्याचं ताट उघड्यावर ठेवू नका. दहा-बारा फुटांवर मेंदी, जास्वंद किंवा बोगनवेलीचं दाट झुडूप असावं, म्हणजे पक्ष्यांना आडोसा सापडतो. ताट झुडपाला अगदी खेटून मात्र नको, तिथे मांजर दबा धरते. घाबरलेले पक्षी काचेवर आपटूनही मरतात. म्हणून ताट खिडकीच्या काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा, नाहीतर चांगलं तीस फूट लांब. दाणे मूठभरच घाला. पोतंभर धान्य ओतलं की पारव्यांची गर्दी होते, विष्ठा साचते आणि रोग पसरतो. त्यात भूतदया कुठली? आणि शिक्रा रोजच येऊ लागला, तर आठ-दहा दिवस दाणे बंद ठेवा. पक्षी पांगतील, तोही दुसरीकडे जाईल. पाणी मात्र बंद करू नका, विशेषतः उन्हाळ्यात.

गलोल, दगड, फासा यांतलं काही हाती घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्र्याला संरक्षण दिलं आहे. त्याला मारणं किंवा पकडणं हा गुन्हा आहे.