हवाबिल

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेल बघायला. मीही 2011 साली त्यासाठीच गेलो होतो. ते पाहून झाल्यावर बरोबरच्या मंडळींनी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचा बेत काढला. खारफुटीतून होडी चालली होती. डोक्यावरून इवली काळपट पाखरं सपकन गेली. होडीवाला म्हणाला, "हवाबिल."

मी चमकलोच. लहानपणी दादी आम्हाला अब्राहाची गोष्ट सांगायची. हत्तींचं सैन्य घेऊन तो मक्केवर चालून आला, तेव्हा आभाळातून अबाबील आले आणि त्यांनी खड्यांचा मारा केला. अरबीत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'थवे'. उर्दूत तो पाखराचंच नाव होऊन बसला, आणि अंदमानात पोचेपर्यंत त्यात हवा शिरली. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला (जगणं त्यावर भागत नाही, ती गोष्ट वेगळी) एवढं पुरे होतं. मी त्या पाखराच्या मागे लागलो.

आपल्याकडे अशा पाखराला पाकोळी म्हणतात. अंदमानातली ही पाकोळी गुहेच्या काळोखात राहते. टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते आणि स्वतःच्या लाळेनं भिंतीवर वाटीसारखं पांढरं घरटं बांधते. चिनी लोक त्या घरट्याचं सूप करतात, म्हणून त्याला चांदीला लाजवील असा भाव. किलोभर माल भरायला शंभराच्या आसपास घरटी लागतात. त्यामुळे काढणारा अंडी बघत नाही, पिल्लं बघत नाही. पाखरू पुन्हा लाळ गाळून घरटं बांधतं, तेही जातं.

पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी 1990 नंतरच्या दशकात या बेटांवरच्या शेकडो गुहा धुंडाळल्या. कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्रातले हे संशोधक. पण जंगलातल्या, खडकांतल्या गुहा माहीत कुणाला असणार? घरटी काढणाऱ्यांनाच. शंकरन यांनी त्यांनाच हाताशी धरलं. 1999 पासून वनखात्याच्या साथीनं उत्तर अंदमानातल्या चालीस-एक इथल्या आणि इंटरव्ह्यू बेटावरच्या गुहांवर राखण बसली, आणि राखणीला माणसं नेमली ती कालचीच काढणारी.

रंगतच्या एका चहाच्या टपरीवर मला असा एक जण भेटला. अंगानं वाळका, बोलायला नाखूश. मी कवी आहे म्हटल्यावर तर आणखीच गप्प झाला. दुसरा चहा आला तेव्हा म्हणाला, "पहले तोड़ता था, फिर गिनने लगा." रात्र-रात्र गुहेच्या तोंडाशी बसायचं, घरटी मोजायची, कोणत्या घरट्यात दोन अंडी, कोणत्यातून पिल्लू उडालं, ते लिहून ठेवायचं. इंटरव्ह्यू बेटावर तर रानटी झालेले हत्ती आहेत. एका लाकूड कंपनीनं काम गुंडाळलं तेव्हा मागे सोडलेल्या हत्तींची ती पिलावळ. म्हणजे हत्ती आणि अबाबील एकाच बेटावर! दादी असती तर तिला हे सांगितलं असतं.

राखण असलेल्या गुहांत पाकोळ्या वाढल्या, नसलेल्या गुहांत घटतच गेल्या. पण शंकरन यांचा बेत नुसत्या राखणीचा नव्हता. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं काढायचं, ते रीतसर विकायचं आणि पैसा राखणदारांच्या हाती द्यायचा. ज्याचं पोट पाखरावर, तोच पाखराला जपेल, असा सरळ हिशेब होता. आणि 2003 साली झालं काय, तर पाखराला कायद्यानं वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत, नेऊन बसवलं. मान मोठा, पण घरट्याचा व्यापारच बंद. मग हाच पक्षिशास्त्रज्ञ, पाखराला त्या यादीतून काढा, असं सांगू लागला. लोकांना ते उलटं वाटलं असेल. मला विचाराल तर बरोबर त्याचंच होतं. पुढे ते पाखरू यादीतून निघालं खरं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. जानेवारी 2009 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शंकरन गेले. त्यांचे सहकारी शिरीष मंची यांनी काम पुढे नेलं.

हे सगळं ऐकताना मला माझा मामू आठवत होता. त्याची मचवा होती. आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, तिथल्या गुहेतही पाकोळ्या आहेत, जरा वेगळ्या जातीच्या. त्यांच्या घरट्यात लाळेबरोबर गवत-पिसं असतात. तरी त्यांचीही चोरी होई. हुमायून अब्दुलालींनी 1942 सालीच या खडकांवरच्या पाकोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. बांबू घेऊन माणसं यायची, मामू त्यांना नेऊन सोडायचा, भाडं घ्यायचा आणि काही विचारायचा नाही. 2001 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या कार्यकर्त्यांनी ही चोरी उजेडात आणली, वनखात्याच्या मदतीनं ती थांबली. पुढे याच लोकांनी वेळासला गावकऱ्यांना घेऊन कासवं राखली आणि त्यावर गावाला चार पैसेही मिळू लागले.

अंदमानहून आल्यावर मी मामूला त्या राखणदाराबद्दल सांगितलं. तो तेव्हा सत्तरीला आला होता, मचवा केव्हाच विकली होती. त्यानं ऐकून घेतलं, विडी विझवली.

"पगार द्यायचे त्याला?"

"हो."

"रात्रीचा बसायचा?"

"हो."

"मला त्या गुहेची वाट भरतीत, काळोखातही ठाऊक होती रे," मामू म्हणाला. "कुणी विचारलंच नाही."