दगडावरची अक्षरे



हीरक महोत्सवाच्या शिलेवर मजकूर कोणत्या भाषेत कोरावा, यावर आपल्या समितीत बराच खल झाला. या परमुलखात मराठी कितीजण वाचतील, हा प्रश्न रास्तच होता. मला मात्र आयर्लंडमधील शिला आठवत राहिल्या.

शॅनन नदीकाठी क्लॉनमॅक्नॉइज येथे संत किअरन यांनी सहाव्या शतकात मठ स्थापिला. तेथे क्रूस कोरलेल्या सातशेहून अधिक शिला व त्यांचे तुकडे सापडले आहेत. मठाची विद्या लॅटिन. पण शिलांवरील लेख बहुतांशी आयरिश भाषेत आहेत. ‘अमुकासाठी प्रार्थना करा’, एवढेच. त्यातला ‘प्रार्थना’ हा शब्द तेवढा लॅटिनमधून आलेला, आणि तोही ‘ओर’ असा आखडून लिहिलेला! तिथी सहसा नाहीच. अक्षरे पोथीतल्यासारखी गोलाईदार. पिसाच्या लेखणीचे वळण छिन्नीने दगडात उतरवलेले.

एका शिलेवर ‘तुअथल सेर’ असे नाव आहे. सेर म्हणजे कारागीर. मठाधिपती आणि राजे यांच्या दफनभूमीत हे नाव कोरले गेले, म्हणून ती शिला मला सर्वांत मोलाची वाटते.

जॉर्ज पेट्री यांनी 1822 मध्ये या शिलांची चित्रे काढली. पुढे काही शिला नाहीशा झाल्या; त्यांचे लेख आज त्या चित्रांमुळेच वाचता येतात.

आपल्या शिलेवर मराठी असणार, हे ठरले आहे. देणगीदारांच्या नावांखाली ती घडवणाऱ्या पाथरवटाचेही नाव असावे, असा माझा आग्रह आहे. समितीचा होकार अद्याप यायचा आहे.