पडके किल्ले आणि कामगारांची सहल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा बोनस, महागाई भत्ता आणि किमान वेतन यांपलीकडे हा मनुष्य काही बोलेल, असे त्यांना वाटले नसावे. आम्ही विषय कळविला, समुद्रकाठच्या पडक्या किल्ल्यांची सहल. त्यावर एकजण हसून म्हणाले, "काय हो, संप मिटला वाटतं तुमचा?" संप मिटलेला नाही. तो या विषयात कसा येतो, ते शेवटी सांगू.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तिथेच एकदा तुर्कस्तानच्या किनाऱ्याविषयी वाचण्यात आले. तिकडे इफेसस नावाचे मोठे बंदर होते. नदीने गाळ आणून टाकला, समुद्र काही किलोमीटर मागे हटला, बंदर बुजले आणि संगमरवरी शहर कोरड्या जमिनीवर उरले. बोद्रुम येथे एका राजाचे थडगे जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होते. त्याचेच दगड पुढे ख्रिस्ती सरदारांनी आपल्या किल्ल्याला लावले. आज देशोदेशीचे लोक होड्यांतून खाडी खाडी हिंडत हे अवशेष पाहतात. आम्ही तिकडे गेलेलो नाही, आणि जाण्याचा योगही दिसत नाही. पण वाचता वाचता मनात आले की, असा एक किनारा आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि ज्यांच्या हातचा कापूस त्या समुद्रावरून परदेशी गेला, त्या आमच्या माणसांनी तो कधी पाहिलेला नाही.

युनियनच्या बैठकीत हा विचार मांडला, तेव्हा बरीच टीका झाली. लढ्याच्या पैशातून मौजमजा करायची काय, असे एकाने विचारले. त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणून वर्गणीला हात लावायचा नाही, असे ठरले. ज्याला यायचे त्याने वर्षभर दरमहा शंभर रुपये बाजूला टाकायचे. अशी अठ्ठावीस माणसे निघाली. जिनिंगमधल्या बाया, हमाल, दोन गवंडी, एस.टी.चे दोन निवृत्त मेकॅनिक आणि काहींची पोरे. तीन वर्षांपूर्वीचा माघ महिना होता.

यवतमाळहून मुंबई जवळजवळ सातशे किलोमीटर. आपली शकुंतला गाडी इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठीच घातली गेली. ती आता बंद आहे. तेव्हा धामणगावपर्यंत एस.टी. आणि पुढे आगगाडी. कल्याणला उतरलो, कुर्ल्याहून भाऊच्या धक्क्याकडे निघालो, तर वाटेत स्टेशन आले, कॉटन ग्रीन. वऱ्हाडच्या गाठी एके काळी या भागातल्या गोदामांत येऊन पडत, असे आम्ही सांगितले. साऱ्यांनी खिडकीतून डोकी काढली. आमच्यात एक मावशी होत्या. तीस वर्षे जिनिंगमध्ये कापूस वाहिलेला, केसांत रुईचा एखादा धागा कायमचा. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला माल आपल्या आधी येऊन गेला जी!"

लाँच सुटली आणि चहूकडे पाणी दिसू लागले. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढं पानी, अन् आमच्या नळाले चार दिवसांतून एक घंटा!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण पुढल्या सभेसाठी ते वाक्य मनात टिपून ठेवले.

रेवसला उतरून अलिबाग गाठले. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याला पायी जाता येते. १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत हे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तळ झाला. वाटाड्याने ही माहिती भराभर सांगितली आणि तो पुढे निघाला. पण आमचे गवंडी तटापाशीच थांबले होते. त्यातल्या एकाने दोन चिऱ्यांमधल्या फटीत बोटे घातली आणि म्हणाला, "यात चुनाच नाही!" खरेच, तिथे मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर मोडतो, आणि भिंत उभी राहते. वाटाड्याला परत बोलावून आमच्या गवंड्याने त्याला हे समजावून सांगितले. सहलीची खरी सुरुवात आमच्या मते तिथे झाली. तोवर आम्ही प्रेक्षक होतो. मग ज्याने त्याने आपापल्या धंद्याच्या डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी चौल आणि रेवदंडा. चौल हे फार जुने बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात त्याचे नाव आहे. त्याच पुस्तकात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, येथून गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. म्हणजे आतल्या मुलखाचा कापूस आणि बाहेरचा समुद्र यांचे नाते दोन हजार वर्षांचे. पंधराव्या शतकात निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकायला घेऊन याच चौलला उतरला. परतताना तो तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्रेबिझोंद बंदरातून गेला. ज्या तुर्की किनाऱ्याविषयी आम्ही वाचनालयात वाचले, तो आपल्या चौलशी असा जोडलेला आहे.

रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आहे. आत देवळे नव्हेत, तर पडकी चर्चे. आणि त्यांच्या अवतीभवती नारळी-पोफळीच्या वाड्या. १७४० मध्ये पोर्तुगीज हे ठाणे सोडून गेले. पण खाडीपलीकडे कोर्लई गावात आजही काही ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमधून निघालेली, मराठीत मिसळलेली बोली घरात बोलतात. विचार करा, गव्हर्नर गेले, त्यांच्या तोफा गंजल्या, चर्चची छपरे पडली. टिकले काय? कोटाच्या आसऱ्याने राबणाऱ्या साध्या माणसांच्या तोंडातले शब्द. इतका जुना अवशेष अजून चालता-बोलता आहे, आणि बहुतेक प्रवासी किल्ल्याचे फोटो काढून त्याच्या शेजारून निघून जातात.

शेवटचा मुक्काम मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. हा किल्ला सिद्दींचा. आफ्रिकेतून आपल्याकडे आलेल्या या लोकांपैकी पुष्कळांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले होते. मलिक अंबर असाच विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. जंजिरा मराठ्यांना घेता आला नाही. सिद्दींचे संस्थान टिकले ते थेट १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत.

समोरच पाण्यात शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. तिथे आम्हांला जाता आले नाही. पण होडीवाल्या कोळीदादांनी सांगितले की, तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले, आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच बाहेर उभा आहे. ते ऐकून आमचे गवंडी एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "चुना मळणारा इमानी होता." साडेतीनशे वर्षांनी एका कारागिराला दुसऱ्या कारागिराने दिलेले ते प्रशस्तिपत्र होते. त्या चुना मळणाऱ्याचे नाव कोणत्याही पाटीवर नाही.

कोळीदादांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लाय पाटील नावाच्या कोळ्याने जिवावर उदार होऊन रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. वर चढणारी कुमक वेळेवर आली नाही आणि डाव फसला. तरी महाराजांनी त्याचा गौरव म्हणून पालखी देऊ केली. तेव्हा तो म्हणाला, मी दर्यातला माणूस, पालखी घेऊन काय करू? मग त्याला गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ठेवले पालखी, असे सांगतात. आम्हांला ही गोष्ट फार आवडली. मान द्यायचाच तर ज्याच्या त्याच्या कामाला शोभेल असा द्यावा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्रातले आणि समुद्रकाठचे किल्ले आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण वारसा म्हटला की वारस कोण, हेही विचारले पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांनी चिरे वाहिले, त्यांना ते पाहायला चार दिवस मिळत नसतील, तर तो वारसा कागदावरचाच.

आता संपाकडे येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. पण वर्षात २४० दिवस काम भरले पाहिजे, ही अट घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने ती १८० दिवसांवर आणली. पण जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडी आटोपतो. तेवढ्यात १८० दिवस तरी कितीजणींचे भरणार? आणि हंगाम संपल्यावर का गेला नाहीत, असे कोणी विचारील, तर हंगाम संपला की मजुरीही संपते, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. फ्रान्समध्ये १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो कुटुंबांनी जन्मात प्रथम समुद्र पाहिला. समुद्र काही १९३६ मध्ये निर्माण झाला नव्हता. रजा निर्माण झाली होती.

आम्ही परत आलो, तेव्हा मावशींच्या जागेवर दुसरी बाई उभी होती. मालकाचे नाव घेण्यासाठी आम्ही इथे आलो नाही, कारण पहिली चूक आमची होती. रजा तोंडी मागितली, लेखी घेतली नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांना कागद करायला शिकविणारे आम्ही, स्वतःच विसरलो! मावशी उरलेला हंगाम घरी बसल्या. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्या आमच्यावर रागावल्या, आणि ते योग्यच होते. चहा मात्र त्यांनी दिला. फळीवर जंजिऱ्याच्या वाटेवर वेचलेला एक शंख होता. शेजारची पोरे तो कानाला लावून पाहत होती.

पुढच्या वर्षी आम्ही आधी रजेचा लेखी करार मागितला. दोन जिनिंगनी सही केली आणि मावशींना त्यांतल्या एकीत काम मिळाले. बाकीच्यांशी बोलणी चालू आहेत. संप मिटलेला नाही, म्हणालो तो हा.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण या सुट्टीत सहलीला निघतील. जरूर जा. लांब जमत नसेल, तर आपल्या लोहाऱ्याच्या हेमाडपंती देवळापाशी जा, कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्या उतरून पाहा. राजाचे नाव विचारा, पण दगडांच्या सांध्यावरूनही एकदा हात फिरवा. आणि निघण्यापूर्वी आपल्या घरी, दुकानात, कारखान्यात जे काम करतात, त्यांना एवढेच विचारा, "तुम्ही समुद्र पाहिला काय?" उत्तर नाही असे आले, तर पुढे काय करायचे, ते आपण जाणते आहात.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. ही तरी पगारी नाही!