औषधाच्या कपाटाची किल्ली

(कोल्हापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गावात तालमींचे संघ फुटबॉल खेळतात आणि पाटाकडील-दिलबहार सामना असला की पेठापेठांतली कामं बाजूला पडतात, तिथल्या श्रोत्यांना हा खेळ समजावून सांगायची गरज नाही. म्हणून थेट विषयालाच हात घालतो. व्यावसायिक फुटबॉलमधली उत्तेजकं हा विषय आपण नेहमी खेळाडूच्या नावानं वाचतो. १९९४ च्या विश्वचषकातून मॅराडोना एफेड्रीनमुळे बाहेर गेला. २००१ मध्ये इटलीत नँड्रोलोन सापडलेल्यांत दाविद्स, स्टाम आणि गार्डिओला अशी मोठी नावं होती. गार्डिओलाला शिक्षा झाली, पुढं काही वर्षांनी अपिलात तो निर्दोष ठरला. पण तोवर त्याची खेळायची वर्षं संपली होती. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न आधी क्लबचा आणि त्याच्या डॉक्टरचा आहे, खेळाडूचा नंतर. शिक्षेचा क्रम मात्र कायम उलटा राहिला.

हे ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसलं, त्या तुरीन शहरात आपण जाऊ. १९९८ चा उन्हाळा. रोमा संघाचे प्रशिक्षक झ्डेनेक झेमान यांनी ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकाला मुलाखत दिली. फुटबॉलनं औषधांच्या दुकानातून बाहेर पडायला हवं, असा तिचा आशय होता. तुरीनच्याच युव्हेंटस क्लबच्या व्हियाली आणि देल पिएरो यांचे स्नायू ज्या वेगानं वाढले त्याचं आपल्याला नवल वाटतं, असंही ते बोलले. इटलीत गदारोळ उठला. युव्हेंटस म्हणजे १९९६ चा युरोपविजेता आणि नुकताच पुन्हा लीग जिंकलेला क्लब. झेमान मत्सरानं बोलतात, असं सगळीकडून ऐकू येऊ लागलं. तुरीनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी मात्र मुलाखत वाचून चौकशी उघडली.

पहिला धक्का रोममध्ये बसला. देशातल्या फुटबॉलपटूंचे लघवीचे नमुने अक्वा आचेतोसा इथल्या प्रयोगशाळेत तपासले जात. चौकशीत निघालं की फुटबॉलच्या नमुन्यांची अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्ससाठी तिथं तपासणीच होत नव्हती. इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला आणि प्रयोगशाळेची मान्यता गेली. इटालियन फुटबॉल स्वच्छ आहे, हे वर्षानुवर्षं ज्या अहवालांच्या जोरावर सांगितलं जात होतं, त्यांची किंमत त्या दिवशी कळली. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं?

मग युव्हेंटसच्या वैद्यकीय विभागाची झडती झाली आणि २८१ प्रकारची औषधं मिळाली. आकडा पुन्हा सांगतो, दोनशे एक्क्याऐंशी. एखाद्या छोट्या रुग्णालयाला पुरेल इतका हा साठा आहे, असं न्यायालयाच्या तज्ज्ञांचं मत पडलं. यातली बहुतेक औषधं बंदीच्या यादीत नव्हती, आणि मला अधिक अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. सामीर हे नैराश्यावरचं औषध, निओटॉन हे हृदयरोग्यांसाठीचं, व्होल्टारेन हे वेदनाशामक. पंचविशीतल्या, देशातल्या सर्वांत धडधाकट माणसांना ही औषधं कशासाठी लागत होती? आजार नसताना दिलेलं औषध यादीत नाही म्हणून निर्दोष ठरतं का? झिदान, देल पिएरो, बॅजिओ असे एकेक खेळाडू साक्षीला आले. क्रिएटीन घेत होतो, असं झिदाननं सांगितलं. क्रिएटीनवर बंदी तेव्हा नव्हती, आजही नाही.

खटल्याचा सर्वांत गंभीर भाग ईपीओचा होता. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला ते वरदान आहे. निरोगी खेळाडूला दिलं तर रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं आणि नव्वदाव्या मिनिटालाही पाय धावतात. पण रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. त्या काळात ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती, ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी आली. त्यामुळे तज्ज्ञांना खेळाडूंच्या जुन्या रक्ततपासण्यांतल्या हिमोग्लोबिनच्या चढउतारांवरून निष्कर्ष काढावे लागले. नोव्हेंबर २००४ मध्ये क्लबचे डॉक्टर रिकार्डो अग्रिकोला यांना क्रीडा फसवणुकीबद्दल २२ महिन्यांची शिक्षा झाली. व्यवस्थापक जिराउदो सुटले. पुढच्याच वर्षी अपिलात अग्रिकोलाही सुटले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती सुटका पूर्णपणे पटली नाही, पण तोवर खटल्याची कायदेशीर मुदत संपली होती. कायद्याच्या दृष्टीनं त्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही, क्लबनं सगळे आरोप कायम नाकारले, आणि एकही करंडक परत गेला नाही. हे सगळं न्यायानं सांगितलंच पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितलं पाहिजे की त्या कपाटातल्या औषधांची नोंद आज न्यायालयाच्या कागदांत आहे, आणि ती कुणीही खोटी ठरवलेली नाही.

आता एक चित्रफीत. १२ मे १९९९ ला मॉस्कोत पार्मा आणि मार्सेय यांच्यात युएफा कपची अंतिम लढत होती. तिच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत पार्माचा बचावपटू फाबियो कान्नावारो पलंगावर आहे, हाताला सुई टोचलेली आहे, निओटॉन नसेतून आत जातंय. कॅमेरा घरगुती, वातावरण थट्टामस्करीचं. इटलीच्या सरकारी वाहिनीनं २००५ मध्ये ही फीत दाखवली, तेव्हा औषध बंदी असलेलं नाही, असं उत्तर आलं आणि ते खरंच होतं. पुढच्या वर्षी हाच कान्नावारो विश्वविजेत्या इटलीचा कर्णधार होता. मी त्याला दोषी धरत नाही. मला त्या खोलीतला सहजपणा दिसतो. कुणी दचकत नाही, कुणी दार लावून घेत नाही. उद्या सामना आहे म्हणून आज सलाइन, इतकं ते रोजचं झालं होतं.

हे एका दशकाचं पाप होतं असंही नाही. इंटर मिलानमध्ये १९६० च्या दशकात एलेनियो एरेरा प्रशिक्षक होते. त्या संघातला राखीव खेळाडू फेरुच्चो माझ्झोला, म्हणजे विख्यात सांद्रो माझ्झोलाचा धाकटा भाऊ, यानं २००४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की प्रशिक्षक जिभेखाली ठेवायला गोळ्या देत, आधी राखीव खेळाडूंना आणि मग मुख्य संघाला. पोरं गुपचूप थुंकून टाकतात हे लक्षात आल्यावर गोळ्या कॉफीत विरघळवून येऊ लागल्या. थोरल्या भावानं त्याच्याशी संबंध तोडले. पण पुस्तकाविरुद्धचा बदनामीचा दावा टिकला नाही.

त्या पिढीचं पुढं काय झालं? फिओरेंतिनाचा ब्रुनो बेआत्रिचे १९८७ मध्ये ३९ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. १९७६ मध्ये जांघेच्या दुखण्यावर त्याला क्ष-किरणांचे उपचार दिले होते. त्याच्या पत्नीनं त्याच उपचारांवर बोट ठेवून अनेक वर्षं न्यायासाठी झगडा केला. ग्वारिनिएल्लोंच्या चौकशीतून आणखी एक गोष्ट पुढं आली, एएलएस या आजाराची. यात मज्जापेशी मरत जातात, हातपाय, मग गिळणं, मग श्वास थांबतो. १९७० ते २००१ या काळातल्या ७,३२५ इटालियन व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास झाला. एकही रुग्ण सापडू नये किंवा फार तर एक सापडावा, अशी अपेक्षा होती, सापडले पाच. जेनोआचा कर्णधार सिन्योरिनी २००२ मध्ये गेला, मिलानचा बोर्गोनोव्हो २०१३ मध्ये. कारण औषधं की डोक्याला बसणारे मार की मैदानावर फवारली जाणारी रसायनं, याचा निकाल लागलेला नाही. औषधांवर ठपका ठेवायची घाई मी करणार नाही. पण ज्यांच्या शरीरात काय काय गेलं याची नीट नोंदच नाही, त्यांच्या आजाराचं कारण कुणी कसं शोधायचं?

आता आजचे नियम पाहा. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, ते कुठून आलं हे त्यानंच सिद्ध करायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये युव्हेंटसचा पॉल पोग्बा उदिनेच्या सामन्यात बाकावरच बसला होता, तरी चाचणी झाली. बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या खुणा सापडल्या आणि इटलीत त्याला चार वर्षांची बंदी लागली. डॉक्टरनं सुचवलेल्या पूरक आहारातून ते अजाणता आलं, हे लोझानच्या क्रीडा लवादानं मान्य केलं आणि बंदी १८ महिन्यांवर आणली. पण बंदी संपायच्या आतच क्लबशी करार संपला होता. विश्वविजेत्या अर्जेंटिनाच्या पापू गोमेझच्या नमुन्यात टर्ब्युटलीन मिळालं. मुलाचं खोकल्याचं औषध घेतलं, असं त्यानं सांगितलं. दोन वर्षं बंदी.

हे टर्ब्युटलीन आपल्याकडच्या कितीतरी घरांत, खोकल्याच्या बाटलीत असतं. २०१७ मध्ये भारताचा गोलरक्षक सुब्रत पालच्या नमुन्यात तेच सापडलं. तो तेव्हा पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडून खेळत होता आणि राष्ट्रीय शिबिरासाठी मुंबईत आला होता. त्यानंही खोकल्याच्या औषधाकडे बोट दाखवलं. तो सावरला, त्याच वर्षी जमशेदपूरकडून गोलमध्ये उभा राहिला. पण बातमी छापून आली तेव्हा मथळ्यात ‘डोपिंग’ आणि त्याचं नाव, एवढंच होतं.

बंदी नसलेल्या औषधांकडे तर कुणी पाहतच नाही. २०१० च्या विश्वचषकात फिफाच्याच वैद्यकीय मंडळींनी संघडॉक्टरांकडून नोंदी मागवल्या, तेव्हा दहापैकी सुमारे चार खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत असल्याचं आढळलं. ट्रॅमाडॉलवर सामन्याच्या काळात बंदी आली ती थेट २०२४ मध्ये. दुखणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय. ते दाबून मुलाला मैदानात उतरवणं हा उपचार नाही, मग यादीत काहीही असो. डॉक्टरचा पगार क्लब देतो, रविवारचा सामना क्लबला जिंकायचा असतो, आणि रुग्ण मात्र खेळाडू असतो. या तिघांत रुग्णाच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही.

मला कायद्यात एकच बदल हवा आहे. क्लबमध्ये खेळाडूला दिलेल्या प्रत्येक औषधाची, इंजेक्शनची, सलाइनची नोंद खेळाडूच्या हातात राहावी, आणि नमुन्यात दोष सापडला तर खेळाडूच्या आधी डॉक्टर आणि व्यवस्थापक यांना उत्तर द्यावं लागावं.

आपल्या कोल्हापुरातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. त्याच्या मागं आज तालमीतालमींतून शेकडो पोरं उभी आहेत. जिमच्या दुकानात पावडरीचे डबे आहेत, त्यांवर लिहिलंय त्याहून काय अधिक आत आहे ते कुणी तपासलेलं नाही. तालमीच्या वस्तादांना, प्रशिक्षकांना आणि आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. पोराला कुणी इंजेक्शन देत असेल तर आधी त्याचं नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. खोकल्याची बाटली असो की पावडरीचा डबा, त्यातले घटक ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीशी ताडून पाहा. ती यादी दर १ जानेवारीला नवी होते आणि कुणालाही पाहता येते. ‘काही नाही, ताकदीचं आहे’ असं उत्तर मिळालं, तर त्या दिवशी पोराला सामन्यात उतरवू नका.