कार्डावरची माशी नेमकी कोणती?

बीड जिल्ह्यात गेवराईच्या कापसात किंवा माजलगावच्या उसात ज्यांनी ट्रायकोकार्ड टाचलं असेल, त्यांना ही माशी ओळखीची आहे. निदान तिचं घर तरी. कार्डावरची काळी पडलेली अंडी कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाची. आत वाढते ती ट्रायकोग्रामा, गांधीलमाशीच्या गणगोतातली, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. बाहेर पडली की ती खोडकिडीच्या, बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अळी जन्मालाच येत नाही.

आता हिची जात ठरवायची कशी? रंगावर जावं, तर थंडीत वाढलेली काळपट आणि उन्हाळ्यातली पिवळी. आकारावर जावं, तर मोठ्या अंड्यातली थोराड, लहान अंड्यातली बारकी. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ साली याहून मोठी गंमत दाखवली. ट्रायकोग्रामाच्या सेम्ब्लिडिस या एकाच जातीचे नर पतंगाच्या अंड्यातून निघाले की पंखवाले असतात. पाण्याकाठच्या सायलिस किड्याच्या अंड्यातून निघाले की बिनपंखी!

मग आपल्याकडच्या माशीला नावांमागून नावं पडली यात नवल नाही. मिनुटम झालं, ऑस्ट्रेलिकम झालं, कन्फ्यूझम झालं. (शेवटचं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.) बंगळूरच्या कीटकशास्त्रज्ञ सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी रंग-आकार बाजूला ठेवले. नर काचपट्टीवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जननेंद्रियाची ठेवण पाहायची. हवामान बदललं तरी ती फारशी बदलत नाही. १९७१ साली त्यांनी जुन्या जातींची वर्णनं याच आधाराने नव्याने लिहिली. शिवाय संकर करून पाहिले. इथे एक खुबी आहे: फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो, म्हणून नुसती पिल्लं झाली याला काही अर्थ नाही. मुली झाल्या, तरच संकर जमला. अखेर १९७९ मध्ये त्यांनी निकाल दिला, की आपली माशी म्हणजे इशी यांनी १९४१ साली वर्णिलेली किलोनिस.

तरी पेच संपला नाही. काही वाणांत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे माद्यांना माद्याच होतात. नरच नाही, तर पाहायचं काय? तिथे आता डीएनए कामी येतो.

याचं बीडला काय, असं कुणी विचारील. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने केलेली दैना आपण विसरलेलो नाही. तिच्यासाठी शिफारस आहे ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या माशीची, आणि ती वेगळ्या प्रजातीतली आहे. उसासाठी सहसा किलोनिस. दोन्ही कार्डं दिसायला सारखीच. तेव्हा कार्ड घेताना माशीच्या जातीचं नाव आणि ती बाहेर पडण्याची तारीख विचारून घ्या. संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा आणि त्या आठवड्यात फवारणीचा पंप बाजूला ठेवा.