राहणीविषयी लिहिणे आणि तसे राहणे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या तरुण मंडळातील काही मुलामुलींनी यंदा एक मनोदय बोलून दाखविला आहे. आपले घर, आपला स्वयंपाक, आरोग्य, घरखर्च, सणवार, मुलांचे संगोपन, थोडक्यात म्हणजे आपली रोजची राहणी, या विषयावर ज्याने त्याने स्वतःच्या नावाने नियमित लेखन करावे आणि ते ज्ञातिबांधवांपर्यंत पोहोचवावे, असा तो मनोदय आहे. कोणी स्वतंत्र पत्रक काढू म्हणतो, कोणी आपल्या मुखपत्रात एखादे पान मागतो. या उद्योगात पडण्यापूर्वी काय ध्यानात घ्यावे, हे सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. माझ्या पदरचा उपदेश करण्यापेक्षा, ज्यांनी हा उद्योग आपल्या अंगावर घेऊन पार पाडला त्यांच्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे, असे मला वाटते. अशी माणसे शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गिरगाव, परळ, दादर या ज्या वस्त्यांत आपल्यापैकी अनेकांची घराणी वाढली, तेथेच ती होऊन गेली.

त्यांत पहिले नाव घेतो ते प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. गणित हा त्यांचा विषय. 1921 साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. 1923 साली त्या विषयावर पुस्तक लिहिले. हा प्रचार थांबवा किंवा प्राध्यापकी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा 1925 साली त्यांनी प्राध्यापकी सोडली. आणि जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक काढले. संपादक तेच, मुख्य लेखक तेच, व्यवस्थापकही बहुतांशी तेच. 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीचा नोव्हेंबरचा अंक हा ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक. सव्वीस वर्षांहून अधिक काळ, बव्हंशी एका माणसाच्या लेखणीवर, हे मासिक चालले.

त्यांची सर्व मते येथे बसलेल्या सर्वांना मान्य होतील असे नाही. त्यांच्या हयातीत तर ती फार थोड्यांना मान्य होती. परंतु मते बाजूस ठेवून त्यांच्या उद्योगाची घडण पाहिली, तर नव्या लेखकाने शिकावे असे तिच्यात पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट विषयाची. शरीराचे आणि मनाचे स्वास्थ्य, आणि त्या स्वास्थ्याच्या आड येणारे अज्ञान, हे कर्व्यांनी आखून घेतलेले कुंपण. त्या कुंपणाच्या आत ते आहार, पोशाख, विवाह, धर्म अशा कोणत्याही प्रश्नाला हात घालीत. पण वाचकाला आपण कोणत्या दारी आलो आहोत याचा कधी संभ्रम पडत नसे. आपली तरुण मंडळी म्हणतात, आम्ही सर्वच विषयांवर लिहू. सर्वच विषयांवर लिहिणाऱ्याकडे वाचकाने नेमके कशासाठी यावे? एखादीने पाच माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च एवढाच विषय घेतला आणि तो वर्षभर प्रामाणिकपणे लिहिला, तरी तिच्याजवळ वाचकांचा तोटा राहणार नाही.

दुसरी गोष्ट वाराची आणि तारखेची. पहिला अंक उत्साहाने निघतो, दुसरा प्रतिष्ठेसाठी निघतो. खरी परीक्षा तिसऱ्यापासून सुरू होते. पुण्याला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि जवळजवळ एकहाती लिहून तिचे 84 अंक काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक मुंबईत सुरू केले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच्या पंधरवडाभर आधी झाला होता. चळवळ, वकिली आणि सभा हे सर्व सांभाळून त्या पाक्षिकाचे रकानेच्या रकाने त्यांना स्वतःला लिहून काढावे लागत. एवढा व्याप असलेल्या माणसाला पंधरवडा चुकवायला सबब कमी नव्हती. आपल्याला वेळ मिळत नाही, ही तक्रार करण्यापूर्वी आपण या उदाहरणाची आठवण ठेवावी. जितके झेपेल तितकेच बोलावे, मग ते तीन महिन्यांतून एक पान का असेना; पण बोललेली तारीख पाळावी.

तिसरी गोष्ट वाचकाच्या पत्रांची. राहणीविषयी लिहिणाऱ्याला प्रथम वाटते की, आपण सांगावे आणि वाचकांनी ऐकावे. कर्व्यांच्या मासिकात वाचक प्रश्न विचारीत आणि संपादक त्यांची उत्तरे देत. ज्या गोष्टी घरातील वडिलांना विचारता येत नाहीत, वैद्याला सांगायची लाज वाटते, त्या अनेकांनी या अपरिचित माणसाला लिहून कळविल्या. कारण तो हसणार नाही आणि खोटे सांगणार नाही, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री स्वस्तात मिळाली नाही. अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांवर 1931 साली खटला झाला आणि त्यांना दंड झाला. 1934 साली दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर, ज्यांचे ‘राजगृह’ आजही दादरच्या हिंदू कॉलनीत उभे आहे. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि पुन्हा दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही.

आपल्या मंडळींवर असे खटले होणार नाहीत, हे उघड आहे. त्यांच्या वाट्याला येईल ते निराळेच. ‘अमक्यांच्या सुनेने घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या,’ हे वाक्य हळदीकुंकवात एकदा उच्चारले गेले की, पुष्कळ लेखण्या जागच्या जागी थांबतात. म्हणून लेखकाइतकीच जबाबदारी आपणा वाचकांवरही आहे, हे मी येथे मुद्दाम सांगतो.

याच ठिकाणी चौथी गोष्ट येते. राहणीविषयी लिहिणारा एकटा राहत नसतो. त्याच्या लेखात त्याची पत्नी येते, आईवडील येतात, मुले येतात. त्यांच्या जीवनावर त्यांचाही हक्क आहे. सासऱ्यांचे आजारपण, मुलाची नापास झालेली परीक्षा, भावाचे कर्ज या गोष्टी ज्याच्या त्याच्या संमतीवाचून लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. लहान मुलाला तर संमती देण्याइतकी समजच नसते. त्याच्याविषयी हात राखून लिहावे. मोठेपणी त्याला ते वाचावे लागणार आहे. लिहिलेला मजकूर घरात आधी वाचून दाखवावा आणि मग बाहेर द्यावा, हा साधा नियम पुष्कळ मनस्ताप वाचवील.

पाचवी गोष्ट पैशाची. तिच्याविषयी बोलणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. परंतु पत्रे बहुधा तिच्यामुळेच बंद पडतात. ‘समाजस्वास्थ्य’ने कर्व्यांना श्रीमंत केले नाही, त्यासाठी त्यांनी आयुष्यभर पदरमोड केली. ‘बहिष्कृत भारत’ चालविताना झालेले ऋण हे समाजाचेच ऋण नव्हे काय, असा प्रश्न बाबासाहेबांना आपल्या वाचकांसमोर जाहीरपणे मांडावा लागला. आणि 1929 च्या अखेरीस ते पाक्षिक थांबले. उलट बाजूचे उदाहरण का. र. मित्र यांचे. सावंतवाडीकडील आजगावचे हे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमाने त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतले. 1895 साली त्यांनी मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि 1909 साली त्याचा दिवाळी अंक काढला. दिवाळीच्या फराळाबरोबर अंक घरी आणण्याची मराठी माणसाची जी चाल आहे, तिचा उगम तेथे आहे. वाचकाने आनंदाने खिशात हात घालावा असा प्रसंग शोधून काढणे, ही त्यांची दूरदृष्टी. म्हणून नव्या लेखकांना माझे सांगणे असे की, या उद्योगावर पोट अवलंबून ठेवू नका. पण तो फुकटही वाटू नका. ज्याच्यासाठी वाचकाने वर्गणीचे दहा रुपये मोजले, ते तो वाचतो आणि आवडले नाही तर तसे कळवितोही. आणखी एक सावधगिरी. जाहिरातदाराने दिलेल्या तेलाची वा मसाल्याची स्तुती आपल्या स्वयंपाकघरातील अनुभव म्हणून लिहू नये. जाहिरात जाहिरातीच्या चौकटीत असावी.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राहणीविषयी जो लिहितो, त्याची राहणी हीच त्याच्या लेखनाची हमी असते. कर्व्यांनी लोकांना संततिनियमन सांगितले, ते आधी स्वतः आचरून. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही आणि अंगीकारलेल्या कार्याला आयुष्य वाहिले. हा निर्णय सर्वांनी घ्यावा असे कोणीच म्हणणार नाही. परंतु त्यांच्यावर वाटेल ती टीका करणाऱ्यालाही, हा माणूस सांगतो एक आणि करतो दुसरे, असे म्हणता आले नाही. केशव सीताराम ठाकरे यांनी 16 ऑक्टोबर 1921 रोजी दादरला ‘प्रबोधन’ पाक्षिक सुरू केले. हुंड्याविरुद्ध लेखणी चालविली, आणि तेवढ्यावर न थांबता दादरच्या तरुणांना हाताशी धरून चळवळही केली. लेखन आणि वर्तन इतके एकरूप झाले की, पत्राचे नाव हेच त्यांचे नाव झाले आणि लोक त्यांना प्रबोधनकार म्हणू लागले. ज्याच्या घरी लग्नात पाचशे पाने उठली, त्याने काटकसरीच्या विवाहावर लेख लिहू नये. त्याने त्या पाचशे पानांचा हिशेब लिहावा. तो अधिक वाचनीय होईल, आणि खराही असेल.

मंडळी, हे सर्व मी इतक्या विस्ताराने का सांगतो आहे? या भाषणाच्या तयारीसाठी मी आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका कपाटातून काढून चाळल्या. त्यांत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आहेत, देणगीदारांच्या याद्या आहेत, वधूवरांची माहिती आहे, निधनवार्ता आहेत. हे सर्व हवेच. परंतु 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. लालबाग-परळच्या चाळींतून आपल्याही ज्ञातीची कुटुंबे राहत होती. त्या दोन वर्षांच्या आपल्या स्मरणिकांत, पगार थांबलेल्या घरात चूल कशी पेटली याविषयी एक ओळ नाही. कोणत्या माउलीने खानावळीचे डबे सुरू केले, कोणाचे दागिने गहाण पडले, कोणत्या मुलीने शिक्षण सोडून नोकरी धरली, वाण्याने किती महिने उधार दिले, हे त्या घरांतील माणसांना ठाऊक होते. त्यांतील पुष्कळ माणसे आता हयात नाहीत. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळी पाडल्या गेल्या, कुटुंबे डोंबिवलीला, बोरिवलीला, विरारला गेली. आपण लिहून ठेवले असते तर आज आपल्या नातवंडांना ते वाचता आले असते.

घरगुती गोष्टींना काय एवढे महत्त्व, असे कोणी म्हणेल. त्यांना मी नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देतो. मांडवीच्या एका गिरणीत ते भांडारपाल होते. 1880 पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईत चालविले. कामगार पहाटे किती वाजता घर सोडतो, रात्री किती वाजता परततो, आठवड्यात एक दिवसही त्याला मुलांचे तोंड पाहता येते की नाही, हे प्रश्न त्यांनी मांडले, त्यासाठी संघटना केली, सभा भरविल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपले हे स्नेहसंमेलन रविवारी भरले आहे, त्यामागे कामगारांच्या राहणीची अशी नोंद घेणारा एक माणूस आहे.

आजही आपल्या घरांत लिहिण्यासारखे, किंबहुना लिहिलेच पाहिजे असे, पुष्कळ आहे. पुनर्विकासासाठी जागा सोडून भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबे आहेत. मुले परदेशी आणि आईबाप दादरच्या तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही, अशी घरे आहेत. विवाह लांबलेल्या मुलामुलींची घरे आहेत. या प्रश्नांवर परिषदा भरविण्याआधी, ते घरात कसे वावरतात हे कोणीतरी खरेपणाने सांगितले पाहिजे.

म्हणून मी कार्यकारी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या मुखपत्राच्या प्रत्येक अंकात दोन पाने या नव्या लेखकांसाठी राखून ठेवावीत. लेखकाने विषय एकच घ्यावा आणि वर्षभर चालवावा. मजकूर शुद्धलेखनासाठी तपासावा. परंतु कोणाला तो रुचणार नाही म्हणून छाटू नये. त्या पानांना आलेली वाचकांची पत्रे, प्रतिकूल असली तरी, पुढील अंकात छापावीत. आणि ज्या सभासदांनी मुखपत्राची वर्गणी थकविली आहे, त्यांनी ती आज सभागृहाबाहेरील मेजावर भरावी. खजिनदार जेवणाच्या वेळेपर्यंत तेथे बसले आहेत.