न्यायमूर्ती अन्ना चांडी : न्याय मागणारी व न्याय देणारी

(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल दिवशी पूर्वजांचे उपकार आपण स्मरतो, हे योग्यच होय. तथापि आज आम्ही केरळातील एका स्त्रीचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहो. कारण आपल्या घरांत वाढणाऱ्या मुलींविषयी त्यात मोठा बोध आहे.

अन्ना चांडी ह्यांचा जन्म इ. स. १९०५ साली त्रावणकोर संस्थानात सिरियन ख्रिस्ती घराण्यात झाला. घराणे अँग्लिकन पंथाचे; उत्तरायुष्यात बाईंनी कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. १९२६ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. केरळात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १९२९ पासून त्या वकिली करू लागल्या. ‘श्रीमती’ नावाचे नियतकालिकही त्यांनी काढले. स्त्रियांस सरकारी नोकरी दिल्यास संसार मोडेल, असे एका विद्वानाने प्रतिपादिले, तेव्हा बाईंनी भर सभेत त्यांचा एकेक मुद्दा कोर्टातल्याप्रमाणे खोडून काढला.

१९३१ साली त्या संस्थानच्या प्रजासभेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. विरोधकांनी त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली व त्यांचा पराभव झाला. कुलीन स्त्रीने अशा वेळी घरी बसावे, ही जगाची रीत. परंतु लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाचे दार सोडीत नाही, हे आपण जाणतोच. बाईंनी आपल्या पत्रातून निषेध नोंदविला, पुढील वर्षी पुन्हा त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

त्यांच्या मागणीचे स्वरूपही ध्यानी घेण्याजोगे आहे. त्रावणकोरात स्त्री अपराध्यास फाशी माफ असे. ह्या सवलतीसही बाईंनी विरोध केला. देहदंडाविषयी आज पवित्र सभेची शिकवण स्पष्ट आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथात तो अग्राह्य ठरविला. परंतु बाईंच्या भूमिकेचे मर्म निराळे होते. जिला अजाण समजून सवलत द्यावयाची, तिला अजाण म्हणूनच अधिकारही नाकारता येतो. त्यांनी स्त्रीसाठी दया मागितली नाही, समानता मागितली. नर व नारी दोघांसही परमेश्वराने आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, ह्या श्रद्धेशी आम्हांस ही मागणी सुसंगत दिसते.

१९३७ साली दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर ह्यांनी त्यांस मुन्सफ नेमले. हिंदुस्थानात न्यायाधीशाच्या आसनावर बसलेली ही पहिली स्त्री. १९४८ साली त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या. आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती होऊन १९६७ पर्यंत त्यांनी ते पद भूषविले. इंग्लंडात उच्च न्यायालयावर पहिली स्त्री १९६५ साली आली, ह्यावरून ह्या गोष्टीचे मोल कळावे. निवृत्तीनंतर त्या विधी आयोगाच्या सभासद होत्या. १९९६ साली त्या निवर्तल्या. त्यांच्यामागून वाट रुंदावली: मुंबई उच्च न्यायालयात १९७८ साली सुजाता मनोहर आल्या, तर सर्वोच्च न्यायालयात १९८९ साली केरळच्याच फातिमा बीबी.

शास्त्यांच्या ग्रंथातील दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून इस्राएलचा न्याय करीत असे. हे वचन आपण कित्येक शतके वाचीत आलो; तरी मुलाच्या शिक्षणास कर्ज काढणारा बाप मुलीच्या शिक्षणाची गोष्ट निघताच खर्चाचा हिशेब मांडू लागतो. घरातल्या ताटापासून वारशाच्या वाटणीपर्यंत रोज निवाडे होत असतात, आणि तेथे न्यायासनावर आपणच बसलेले असतो. तेथे मुलीच्या बाजूने कोण बोलतो?

महोत्सवात देवालय सजले, हे उत्तम झाले. त्याचबरोबर प्रत्येक घराने आपल्या कन्येस तिची बुद्धी पोहोचेल तेथवर शिकविण्याचा संकल्प सोडला, तर ह्या वर्षाचे खरे सार्थक होईल. सलोमोनास विवेकबुद्धी देणारा प्रभू आपणांसही न्यायी अंतःकरण देवो, आणि पवित्र मरियामाता आपल्या लेकींचे रक्षण करो, हीच प्रार्थना.